पाथरखिंडीतली सवय

"वहिनी, बॅटरी म्हातारी झाली," शिकलगार म्हणाला. "दसरा झाला की आणून सोडा."

"म्हातारं झालं की आणून सोडायचं म्हणतोस? तुझ्या आईच्या कानावर घालू का?"

तो हसला, पण हातातला पडदा माझ्याकडं फिरवलाच. तौफिक शिकलगार आमच्या निनाईवाडीचं बॅटरी स्टेशन सांभाळतो. माझ्या नवऱ्याचा जुना दोस्त, म्हणून माझा धाकटा दीरच समजा. पडद्यावर माझ्या बॅटरीची ताकद सत्तर टक्क्यांच्या खाली उतरलेली दिसत होती. सत्तरच्या खाली गेलेली बॅटरी घाटात चालवायची नाही, असा करार असतो. ती परत घेतात, तिची आठवण पुसून कोरी करतात आणि कुठल्या तरी शाळेच्या सोलरला जोडतात. उरलेलं आयुष्य बिचारी पंखे फिरवते.

"नवी देतो की लगेच. मायलेज वाढंल, तुमचाच फायदा," शिकलगार म्हणाला.

"फायदा तुझ्या कंपनीला सांग," म्हटलं आणि गाडीवर चढून निघून आले. त्याला माहीत होतं मला काय झोंबलंय. बॅटरी पुसली की माझा नवरा जाणार होता. एकदा गेलाच होता, आता दुसऱ्यांदा.

हे नीट सांगायला पाहिजे, नाहीतर म्हणाल बाईचं डोकं फिरलंय.

ट्रक माझा आहे, त्याची बॅटरी कंपनीची. बॅटरी विकत घ्यायची तर दुसरा ट्रक घेण्याएवढा खर्च, म्हणून घाटातले आम्ही सगळे ती भाड्यानं वापरतो. काहींनी हायब्रिड घेतले आणि आम्हाला हसले. मग डिझेलचा मेकॅनिक वेगळा, मोटरचा वेगळा, दोघंही एकमेकांवर ढकलतायत, असं झाल्यावर गप्प बसले. आमचं काम तसं सोपं. वर भैरीच्या सड्यावर बॉक्साइटची खाण आहे. तिथं माल भरायचा, पाथरखिंडीचा घाट उतरायचा आणि बंदरात टाकून रिकामं वर यायचं. इलेक्ट्रिक ट्रकला असलं काम म्हणजे माहेरपण. उतारावर पाय उचलला की चाकंच मोटरला फिरवायला लागतात. माल गाडीला खाली ओढतो, मोटर तिला मागं धरते आणि त्या ओढाताणीत वीज तयार होऊन बॅटरीत जाते. खाली पोचेपर्यंत एवढी साठते की रिकामी गाडी परत वर आणायला पुरते. महिनोन्महिने प्लग लावायला लागत नाही.

म्हणून खिंड उतरायच्या आधी बॅटरी अर्धीच ठेवायची, हे इथं कुणालाही विचारा. आधीच भरलेली असली तर नवी वीज जाणार कुठं? वाया जाणार. आम्ही सगळे एवढंच समजून होतो, वाया जाते म्हणून. खरं तर अशी जास्तीची वीज जाळायला केबिनमागं जाळीची एक अवजड पेटी येते. तिला आमच्याकडं शेगडी म्हणतात. पण बॅटरीच्या वजनानं आधीच मालाची जागा खाल्लेली, टायर चपलांसारखे झिजणारे, मग मालक लोक जे निघेल ते काढतात आणि तेवढा दगड जास्त भरतात. अर्ध्या बॅटरीवरच उतरायचं, तर शेगडी हवी कशाला? घाटातल्या झाडून सगळ्या गाड्यांच्या शेगड्या भंगारात गेल्या होत्या. आमचीही गेली होती.

आता सवय. हा कंपनीचा शब्द नाही, आमचा ड्रायव्हर लोकांचा. कंपनी काहीतरी भलंमोठं नाव सांगते. बॅटरीच्या पेटीतच एक शिकणारं यंत्र बसवलेलं असतं. चढ केवढा, माल किती, बॅटरी किती भरलेली आणि ड्रायव्हरचा पाय काय करतोय, हे ते बघत राहतं. काही महिन्यांत त्याला तुमचा पाय पाठ होतो. मग ते तुमच्या आधीच पेडल जरा हलवतं, म्हणजे वीज झटक्यानं खेचली जात नाही आणि बॅटरी जास्त टिकते. कुठल्या दिवशी कुठं गेलात याची नोंद त्यात नसते. अंधारात घरातल्या पायऱ्या उतरताना आपला पाय आपोआप पडतो की नाही, तेवढंच त्यात असतं.

माझा नवरा सर्जेराव चौगुले. नवऱ्याचं नाव घ्यायला मी लाजत नाही. माणूस तोंडानं फटकळ, सबंध संसारात एक गोड शब्द ऐकला असेल तर शपथ. पण पाय लोण्यासारखा. मला गाडी त्यांनीच शिकवली आणि शिकवताना इतकं बोलले की अर्ध्या घाटात उतरून चालत घरी आले होते मी. ते गेल्यावर, दुरुस्त झालेली गाडी घेऊन मी पहिल्यांदा निघाले, आणि पहिल्याच वळणाआधी माझ्या पायाखालचं ब्रेकचं पेडल आपोआप खाली गेलं. दोनदा हलकेच, मग एकदा सावकाश. सर्जेराव असंच दाबायचे. मी गाडीत एकटीच होते. किंचाळले, गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून मनसोक्त रडले.

आधी घाबरले आणि मग सोकावले, खोटं कशाला बोलू? सड्यावरनं खाली येताना बाबल्याच्या टपरीचा नुसता चौथरा उरलाय, बाबल्या गाव सोडूनही जमाना झाला. तिथं गाडी अजून हळू व्हायची. मी म्हणायचे, "अहो, चहा नाही तिथं आता, चला पुढं." म्हशी आडव्या यायची जागा आली की पेडल आधीच सावध. मी बोलायचे, ते पायानं उत्तर द्यायचे. जिवंतपणी आमचं एवढं बोलणं कधी झालं नव्हतं.

आणि रोज बोलून एक गोष्ट मी विचारत नव्हते.

गेल्या दसऱ्याला सर्जेराव भरलेली गाडी घेऊन खिंड उतरले आणि चौथ्या वळणावर कठडा तोडून सरळ गेले. गाडी खालच्या टप्प्यावर कातळाला अडली. केबिन चेपली, गाडीची नोंदपेटी केबिनबरोबर गेली, चासीखालची बॅटरी तेवढी शाबूत राहिली. मी त्या दिवशी आजारी भावाकडं होते. पोलीस म्हणाले, रस्त्यावर ब्रेकची एकही खूण नाही. तेवढं वाक्य गावाला पुरलं. महिन्यापूर्वीच डोळ्यांच्या डॉक्टरनं त्यांना सांगितलं होतं, साखरेनं पडदा खराब होतोय, पुढचं लायसन्स काही मिळत नाही. गाडीशिवाय सर्जेराव म्हणजे काय, हे सगळ्यांनाच माहीत होतं. लोकांनी हिशेब जुळवला आणि कुजबुज सुरू झाली, की जीव दिला.

लोकांच्या तोंडाला मी हात लावू शकत नव्हते. पण माझ्या पोरीनं, शर्वरीनंही तेच धरलं. ती पुण्याला नर्सिंग शिकत होती. दिवसकार्य झालं तसं तिनं बापाचा फोटो भिंतीवरून काढून ट्रंकेत टाकला आणि त्यानंतर घरी आली तर पाहुणीसारखी यायची.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिला खाली बंदरगावच्या दवाखान्यात कामावर रुजू व्हायचं होतं, म्हणून ती खंडेनवमीला घरी आली.

खंडेनवमी आमच्यात मोठी. ट्रक धुवायचा, झेंडूच्या माळा घालायच्या, जॅक, पाने आणि आता चार्जिंगची केबलसुद्धा पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं. माझे सासरे डिझेलचे ड्रायव्हर. त्यांचा दंडक होता की पूजेची गाडी रिकाम्या पोटी उभी करायची नाही, टाकी तोंडापर्यंत भरलेली पाहिजे. डिझेल गेलं, दंडक राहिला. आता सगळे त्या दिवशी प्लग लावून बॅटरी शंभरावर नेतात. थोडी वाया गेली तर गेली, सण आहे. शिवाय दसऱ्याला खाण बंद असते, गाड्या रोषणाई लावून गावोगाव मिरवतात, त्यात बॅटरी उतरतेच. मीही सकाळी छपरावरच्या सोलरची केबल लावली आणि दुपारी पडद्यावर शंभर लागले तेव्हा गाडीला नमस्कार केला.

"शरू, नारळ तेवढा वाढव गं."

"मी नाही."

"अगं, सण आहे. वर्षाचं अन्न दिलंय ह्या गाडीनं."

ती उंबऱ्यातच उभी होती. "आई, तुला राग कसा येत नाही? ज्या गाडीतनं ते आपल्याला टाकून गेले, तिलाच तू माळा घालतेस."

"टाकून गेले, हे तुला कुणी सांगितलं?"

"ब्रेकची खूण होती का? एक तरी? आदल्या दिवशी मला फोनवर म्हणाले, आईला सांभाळ. कशाला म्हणाले?"

"प्रत्येक फोनला तेच म्हणायचे ते. दुसरं काही बोलायला यायचं का त्यांना?"

"त्या दिवशी आवाज वेगळा होता," ती म्हणाली. आणि मग आवाज चढवून, "डोळे गेले तर गेले असते! आम्ही धरून नेलं असतं त्यांना. मी होते ना? माझा विचार नाही आला?"

खोटं सांगायला जीभ वळेना आणि खरं मला तरी कुठं ठाऊक होतं? रोज त्यांच्या पायाशी गप्पा मारणारी मी, पण 'अहो, मुद्दाम गेलात का?' एवढं विचारायला माझी छाती झाली नव्हती. आणि आता बॅटरी परत जाणार म्हणजे विचारायची सोयही संपणार. मी नारळ स्वतःच फोडला.

दसऱ्याला सकाळीच खाणीतनं निरोप आला. बंदरात जहाज खोळंबलंय, जमेल त्यांनी एक खेप टाका. गेल्या वर्षीही अस्संच झालं होतं. बाकी सगळ्यांनी कानाडोळा केला, पण शर्वरीला दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं आणि सणाला एसटीचा भरवसा नाही. म्हटलं, खेपही होईल आणि पोरही पोचेल. आपट्याचं सोनं एकमेकींना दिलं. ती पिशवी घेऊन शेजारी बसली. अपघातानंतर ती पहिल्यांदा त्या गाडीत चढत होती. वर सड्यावर जाऊन माल भरला. सडा सपाट, त्यात बॅटरी कितीशी उतरणार? पडद्यावर शंभराच्या जागी अठ्ठ्याण्णव झाले असतील.

ऊन लख्ख पडलं होतं. कारवी सुकायला लागलेली, रस्ता कोरडा. बाबल्याच्या चौथऱ्यापाशी गाडी हळू झाली, मी सवयीनं काही बोलणार होते, पण शरूकडं बघून गप्प बसले. मग खिंडीचं तोंड आलं. रस्ता जिथं पहिल्यांदा खाली वळतो, तिथं गाडीचं नाक जरा खाली झुकलं आणि ब्रेकचं पेडल माझ्या पायाखालून निसटून पार तळाला गेलं.

गाडी जागच्या जागी थांबली. पट्टा छातीत रुतला.

"काय झालं?" शरू ओरडली.

"कळत नाही." पडद्यावर काही बिघाड नाही, लाल दिवा नाही. सर्जेराव इथं कधी थांबायचे नाहीत. वर्षभर मी हजारदा इथनं गेले, असं कधी झालं नव्हतं. मी हळूच गाडी पुढं घेतली. हातभर सरकली असेल नसेल, परत पेडल तळाला. मी घाबरून दोन्ही पाय वर घेतले.

आणि मग ते सुरू झालं. पेडलवर कुणाचा पाय नव्हता. ते वर येत होतं आणि खाली जात होतं. आधी नेहमीसारखं, दोनदा हलकेच आणि एकदा सावकाश. मग जोरात. मग भराभर, डिझेलच्या जुन्या गाडीत ब्रेक धरेना झाला की ड्रायव्हर पंप मारतात तसं, परत, परत, परत. मग तळाला जाऊन तिथंच थरथरत राहिलं, कुणीतरी सीटवरनं उठून दोन्ही पायांनी त्यावर उभं राहिल्यासारखं. केबिनमध्ये दुसरा आवाज नाही. नुसतं त्या पेडलचं लोखंड वाजत होतं.

मी मागं सरकून दाराला चिकटले.

शरू पट्टा सोडून खाली वाकली. पोरगी नर्स आहे, माणसाची नाडी बघावी तसा तिनं पेडलवर तळवा ठेवला. पेडल तिच्या हाताखालून परत खाली गेलं.

"आई, हे कोण करतंय?"

"सवय आहे ती. बॅटरीची."

"म्हणजे तुझी?"

"मी असं कधी दाबलंच नाही गं. मला कधी वेळच आली नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी तिच्याकडं. दोघींना एकदमच कळलं. तिनं हात लांब करून पार्किंगचं बटण दाबलं आणि पेडल सावकाश वर आलं.

शिकलगारला फोन लावला. बिचारा दसऱ्याचं जेवण टाकून आला. त्यानं चासीखाली शिरून बॅटरीला आपलं यंत्र जोडलं आणि पडदा पुन्हा पुन्हा वाचला. शेवटी तिथंच रस्त्यावर फतकल मारून बसला.

"वहिनी, आज फुल्ल चार्ज केलावता काय?"

"पूजा होती की काल."

"गेल्या साली सर्जादादानंबी केली असंल."

"केलीच असणार. त्यांच्या वडलांचा दंडक."

त्यानं कपाळावर हात मारला. मग शरूकडं बघून एकेक सांगायला लागला. "बॅटरी भरलेली, म्हंजे मोटरला वीज ठेवायला जागा न्हाई. जागा न्हाई, म्हंजे मोटर गाडीला मागं धरतच न्हाई. शेगडी असती तर तिथं जळली असती वीज, ती आपण काढलेली. मग सगळा माल एकट्या ब्रेकवर. आन् हे ब्रेक वर्षातनं कितींदा वापरतो आपण? गंजलेले, नावाला. दोन वळणं तग धरली असंल. मग तापून गुळगुळीत. पाय दाबून मोडला तरी धरत न्हाईत."

"पण खूण नव्हती," शरू म्हणाली.

"खूण चाक अडकल्यावर पडते, ताई. चाक अडकलंच न्हाई तर खूण कुठनं पडणार?" त्यानं यंत्राचा पडदा तिच्यापुढं धरला. "ह्यात तारीख न्हाई, वेळ न्हाई. पण सवय शिकते ती फकस्त पायाकडनं. पायानं काही केलं न्हाई तर ती काही शिकत न्हाई. आन् हे बघा. बॅटरी फुल्ल, माल फुल्ल, उतार. एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की थांबायचं. मरस्तोवर थांबायचं. वर्षानुवर्षाच्या फेऱ्यांनी जेवढं शिकत न्हाई, तेवढं ती एका उतारात शिकली. किती दाबलं असंल माणसानं!"

शरू रस्त्याच्या कडेला दगडावर बसली आणि लहानपणी रडायची तशी रडली, तोंड उघडं टाकून. "ते जात नव्हते, आई," ती म्हणत होती. "ते थांबत होते. आणि मी वर्षभर त्यांना काय काय बोलले." मी तिला जवळ घेतलं. मला वाटलं होतं, खरं कळलं की जीव हलका होईल. पोरीचा झाला. माझ्या डोळ्यांपुढं मात्र ते पेडल हलायचं थांबेना. मुद्दाम गेले असते तर निदान शांतपणे गेले असते. आता मला माहीत होतं की ते ओरडत गेले.

दसरा सरला. माल दुसऱ्या गाडीत चढवला, शरू त्याच गाडीतनं खाली जाऊन रुजू झाली आणि सुट्टीच्या पहिल्या दिवशी परत वर आली. आम्ही दोघी बॅटरी द्यायला स्टेशनवर गेलो.

शिकलगारनं आम्हाला बसवलं. चहा मागवला. मग घसा खाकरला. ह्याला काहीतरी अवघड बोलायचंय, हे मी ओळखलं.

"ही सवय पुसायच्या आधी घाटातल्या बाकीच्या बॅटऱ्यांत उतरवता येते," तो म्हणाला. "सगळ्या माझ्याच स्टेशनवर तपासायला येतात. मालक लोक शेगड्या परत बसवतील, असं तुम्हाला वाटतं? माल कमी भरायला कोण तयार हाय? मी गेल्या चार दिवसांत सगळ्यांना सांगून बघितलं. माना डोलवल्या आन् गेले. फुल्ल चार्ज करू नका म्हटलं, तर म्हणाले पूजेला तरी करावीच लागती. पण ही सवय आत असली, तर गाडी स्वतःच थांबंल. फकस्त कायदा असा हाय की पाय ज्याचा, हक्क त्याचा. तो गेला तर घरच्यांचा. तुमचा अंगठा पाहिजे."

"सगळा पाय जाईल का दुसऱ्या गाड्यांत?" मी विचारलं. "त्यांचं ते हळू दाबणं, चौथऱ्यापाशी थांबणं?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "न्हाई वहिनी. ते हलकं असतंय. तुमचा पाय दादानंच शिकवलेला, म्हणून तुमच्याखाली टिकलं. दुसऱ्या ड्रायव्हरच्या पायाखाली दोन दिवसांत पुसून जातंय. तेवढी खिंडीतली टिकंल. ती लई खोल बसलीय."

म्हणजे चांगलं तेवढं जाणार आणि भीती राहणार. वीस वर्षांचा लोण्यासारखा पाय शाळेच्या पंख्यांत पुसून टाकायचा, आणि त्या माणसानं मरताना जे केलं तेवढंच राखून घाटातल्या पन्नास गाड्यांत वाटायचं.

"आई, नको," शरू म्हणाली. "सुटू दे त्यांना. एकदा झालं ते पुरे झालं. परत परत तेच कशाला करायला लावायचं?"

"ताई, ते आकडे हायेत," शिकलगार हळूच म्हणाला. "त्यात दादा न्हाईत."

"तुला काय माहीत रे?" मी त्याच्यावर खेकसले. "तू वर्षभर त्या पेडलशी बोललास का?"

मला शरूचं म्हणणं पटत होतं. आई म्हणून, बायको म्हणून, सगळ्या बाजूंनी पटत होतं. पण बाहेर आवारात गाड्या बॅटरी तपासायला रांगेत उभ्या होत्या. काहींच्या काचांवर अजून झेंडूच्या माळा सुकत होत्या. त्यांतल्या एकीच्याही केबिनमागं शेगडी नव्हती. सर्जेराव असते तर त्यांनी शिव्या घालून सगळ्यांना थांबवलं असतं. सबंध जन्मात त्यांनी दुसऱ्याच्या गाडीत नाक खुपसल्याशिवाय एक दिवस काढला नव्हता.

"माफ करा हो," मी म्हटलं, शिकलगारला नाही, आणि त्याच्या पडद्यावर अंगठा ठेवला.

नवी बॅटरी चांगली आहे. ताकद भरपूर. पण ती माझाच पाय शिकली आणि माझ्या पायाशी मी काय बोलणार? चौथऱ्यापाशी गाडी सरळ जाते. घरात शरूनं फोटो परत भिंतीवर लावलाय, मोठा करून. मला तो बघवत नाही, हे मी तिला सांगितलेलं नाही.

पुढच्या दसऱ्याला मी शरूला सोनं द्यायला रिकामी गाडी घेऊन खाली चालले होते. खिंडीच्या तोंडाशी एक भरलेली गाडी आडवी उभी. ड्रायव्हर कोकणातला, पन्नाशीचा, ह्या घाटात नवा दिसत होता. गाडीपासून लांब, रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिला होता.

"बाई, गाडीत कोणतरी हाय," तो म्हणाला. "गाडी हलत नाय नि ब्रेक आपणच दाबतोय. मी नाय परत चढणार."

"बॅटरी फुल्ल केली होती?"

"पूजेला केली. का?"

"खाली बसा. पाणी प्या. घरी फोन करा," मी म्हटलं.

"बाई, कोण हाय तो?"

"माझा नवरा आहे," मी म्हटलं. तो वेड्यासारखा माझ्याकडं बघत राहिला, पण खाली बसला.

मी त्याच्या केबिनमध्ये चढले. पेडल तळाला जाऊन थरथरत होतं, मग वर, मग परत खाली. पंप मारत होते. किती गाड्यांत, किती वेळा मारत असतील, कुणाला ठाऊक. मी सीटवर बसले नाही. खाली गुडघे टेकले, पेडलवर हात ठेवला आणि म्हटलं, "अहो, थांबली गाडी. माणूस खाली उतरलाय, बरा आहे. काढा आता पाय."

ते दाबतच राहिले. मग मी पार्किंगचं बटण दाबलं.